घरचं बी

माणूस पहिल्यांदा भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, फार तर आडनावावरून कुठे नातं जुळतंय का ते चाचपडून बघतात. आमचे सर आधी कान बघायचे. मग समोरच्याला चार पावलं चालावं लागेल असं काहीतरी काम सांगायचे, "तेवढी खुर्ची इकडं घ्या" किंवा "फॅनचं बटण दाबा जरा," आणि तो चालत असताना मान तिरकी करून त्याच्याकडे बघत बसायचे. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडून खिडकी उघडून घेतली, लगेच परत लावून घेतली आणि विचारलं, "वडीगोद्रीला हायवेवर टायरचं दुकान आहे, ते तुमचे कोण?"

ते माझे सख्खे काका. माझी शेतकीची पदवी, गुणपत्रिका, फाईलमध्ये नीट लावून नेलेली प्रमाणपत्रं, यातल्या कशाकडेही त्यांनी बघितलं नाही. "चालण्यात काका आहेत तुमचे," एवढं बोलून त्यांनी मला उद्यापासून यायला सांगितलं. टायरवाल्या काकांच्या चालण्यात कौतुक करण्यासारखं काय आहे, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सर एका बियाणे कंपनीत प्लॉटचे प्रमुख होते. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांना तोटा नाही, त्यातली ही एक मध्यम आकाराची. एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये बियाणं साफ होऊन पिशव्यांत भरायचं, पण बाजारात जायच्या आधी प्रत्येक ढिगातलं थोडं बी आमच्याकडे यायचं. ते आम्ही गावाबाहेरच्या शेतात ओळीने पेरायचो आणि फुलावर आलं की ओळीओळीतून फिरून बघायचो, सगळी झाडं एकसारखी आहेत का, की मधेच कुणी भलतंच उगवलंय. भलत्याला आम्ही भेसळ म्हणतो. हायब्रीडची झाडं एकसारखी यायलाच पाहिजेत, कारण त्यांचे आई-बाप कंपनीने वर्षानुवर्षं निवडून, वेगळे ठेवून शुद्ध केलेले असतात. तेच बी शेतकऱ्याने घरी धरून पुढच्या वर्षी पेरलं की ओळीत जत्रा भरते, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं.

भेसळ जास्त निघाली की अख्खा ढीग नापास. त्यामुळे प्लांटमधून सरांना फोन फार यायचे. सर ते ओळीत उभे राहून, झाडाकडे बघत घ्यायचे. "साहेब, हातात घेतल्यावर मला पण चांगलंच दिसून राह्यलं. पण बी हातात खरं बोलत न्हाई. पेरून बघितलं, तवा बोललं."

"पेरून बघा" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. नव्या टपरीवरचा चहा कसा आहे, पेरून बघा. निवडून आलेला उमेदवार बरा आहे का, पेरून बघा. एकदा प्लॉटवर काम करणाऱ्या एका बाईने विचारलं, "साहेब, लेकीला स्थळ आलंय, पोरगं बरं असंल का?" सर नेहमीप्रमाणे "पेरून..." म्हणाले आणि थांबले. "तिथंच तर अडचण आहे बाई," ते म्हणाले, "तिथं पेरून बघता येत न्हाई." दिवसभर ते त्याच विचारात होते.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे टॅग. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, त्यावर उगवण किती, शुद्धता किती ते छापलेलं असतं. "दोष असला तरी चालंल, पण टॅगवर पाहिजे," असं सर म्हणायचे, आणि तो नियम त्यांनी बियाण्यापुरता कधीच ठेवला नाही. जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा हँडलला पुठ्ठा बांधला: थंडीत लवकर सुरू होत नाही, डावीकडे ओढते, हॉर्न मनाने वाजतो. कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. शेवटी एका मास्तरांनी घेतली. त्यांनी सांगितलं, स्कूटरवर विश्वास नाही पण पुठ्ठ्यावर आहे. बाहेरून कुणी प्लॉट बघायला आलं की सर माझी ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या मॅडम. नजर बिलकुल तयार. उशिरा येतात." आणि स्वतःची, "मी घोरतो, आन् मला नावाजलेलं आवडतं." पाहुणे माझ्याकडे बघायचे, मी झाडांकडे बघायची.

सरांच्या आई मी बघितलेल्या आहेत. शेवटची काही वर्षं त्या सरांकडे जालन्यातच होत्या, आणि त्यांची आठवण एक एक करून निघून गेलेली. आधी गावं गेली, मग सुना गेल्या, मग लेक गेला. रोज सकाळी सर प्लॉटवर निघायच्या आधी त्यांच्या पाया पडायचे, आणि रोज त्या विचारायच्या, "तुम्ही कोणाचे?"

सर चप्पल काढून खाली बसायचे. "मी तुझाच, माय. थोरला."

त्या निरखून बघायच्या. पटायचं नाही, पण दारात आलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं. "असाल बाबा," त्या म्हणायच्या. "उन्हाचे आले. जेवून जा."

हे "जेवून जा" त्या सगळ्यांना म्हणायच्या. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, मलासुद्धा. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस एकदा खरोखर जेवून गेला आणि पुढच्या वेळी बरोबर बाराला आला. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, यावरून कुरकुर करायच्या, पण एक भाकरी जास्तीची टाकायच्या.

सरांच्या मामांचं पण तसंच झालेलं. ते एकदा खुरपं घेऊन निघाले आणि स्वतःचं समजून शेजाऱ्याच्या शेतात संध्याकाळपर्यंत निंदत बसले. शेजाऱ्याने अडवलं नाही. उलट दुपारी चहा पाठवला. हा किस्सा सर फार रंगवून सांगायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे, पण आई गेल्यानंतर हा किस्सा संपला की ते बोटांवर मोजायला लागले. आईची आईही अशीच विसरत गेलेली, मग मामा आणि आई. भेसळ शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस आता स्वतःच्या घराण्याच्या ओळीतून फिरत होता.

त्याच सुमाराला त्यांनी हजेरी तोंडी घ्यायला सुरुवात केली. सकाळी बायका ओळीत कामाला लागल्या की सर पहिल्या टोकापासून निघायचे आणि प्रत्येकीचं नाव, गाव, लेकरांची नावं, सगळं न अडखळता म्हणत शेवटच्या टोकाला पोचायचे. चेहरा उजळायचा, मग चहा. बायकांना आधी ही गंमत वाटली. एकीने ओढणी बदलून, एकीने जागा बदलून त्यांना फसवून पण बघितलं. पण एके दिवशी सर एका म्हातारीसमोर थांबले आणि ओठ हलेनात. त्यांचा चेहरा बघवेना. त्या दिवसानंतर बायकांनी आपापसात काय ठरवलं कोण जाणे, सर जवळ आले की प्रत्येक बाई आपणहूनच म्हणायला लागली, "मी हाय साहेब, गंगू, केदारखेड्याची." सर चिडायचे. "अरे, मला म्हणू तर द्या." पण त्या काही म्हणू द्यायच्या नाहीत.

मग एका दुपारी बडीशेप झाली. डबे खाऊन झाले होते, सरांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "ती द्या. ती, जेवणानंतरची. हिरवी." मी दिली. त्यांनी तोंडात टाकली नाही, मुठीत धरून बसले. मी म्हटलं, "सर, मी काल माझ्या जाऊबाईंचं नाव विसरले."

"तुम्हाला ते विसरायचंच असंल," ते म्हणाले. "तुमचं विसरणं वेगळं. माझी लाईन वेगळी."

दुसऱ्या आठवड्यात त्यांची मुलगी स्वाती त्यांना संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. स्वाती बँकेत अधिकारी आहे आणि वडिलांसारखीच स्पष्ट बोलते, फक्त कुठे थांबायचं ते तिला कळतं. त्या भेटीची हकिगत मी दोनदा ऐकली, एकदा सरांकडून आणि एकदा तिच्याकडून. दोन्ही ऐकल्यावर असं वाटलं की बापलेक वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आलेत.

सरांनी प्लॉटवर सगळ्यांना जमवून सांगितलं ते असं. "कानाच्या मागं, आत, दोन्ही बाजूला करंगळीएवढा तुकडा असतो. आठवण तिथं बनती. वय झालं की तो आकसतो, सगळ्यांचाच. पण काही घराण्यांत जल्दी आकसतो, आन् ते रक्तातून येतं. ते डोक्याचं मशीन म्हणजे आत निजवून बाहेर मळणी चालू केल्यागत. फोटो काढला. तुकडा सध्या बरा आहे. मी विचारलं, डॉक्टर, उगवण किती टक्के? त्या हसल्या, टक्के सांगितले न्हाईत."

स्वातीने सांगितलं ते असं. डॉक्टरीणबाई अर्धा तास समजावत होत्या की घराण्यातून येतं ते फक्त झुकतं माप, निकाल नाही. एक विशिष्ट जनुक ज्यांच्यात असतं त्यांना धोका जास्त, पण ते असूनही नव्वदीत पाढे म्हणणारे आहेत आणि ते नसून विसरणारे पण आहेत. एका आईच्या दोन लेकरांचा मेंदू सारखा नसतो. चालणं, झोप, रक्तदाब, ऐकू येणं, माणसांत राहणं, या सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. रक्ताची तपासणी करता येते, पण तिच्यातून नक्की काही कळणार नाही, आणि करायचीच असली तर घाई नको. "पप्पांनी 'घराण्यातून येतं' एवढं ऐकलं," स्वाती म्हणाली, "आणि पुढं त्यांचे कान बंद झाले. घरी येईपर्यंत गाडीत एकच वाक्य. माझं ठीक आहे, तुझं काय?"

हे "तुझं काय" पुढे महागात पडलं, कारण घरात स्वातीच्या लग्नाचं चाललेलं होतं.

पहिलं स्थळ संभाजीनगरचं. मुलगा सरकारी नोकरीत, पत्रिका जुळलेली, पाहुणे घरी आले, पोहे झाले. आणि सरांनी टॅग लावला. आई, मामा, आईची आई, सगळ्यांची नावं घेऊन त्यांनी सांगितलं की आमच्याकडे म्हातारपणी आठवण जाते, माझी जाईल आणि मुलीचीही जाईल, तुम्ही विचार करून सांगा. पाहुण्यांनी विचार केला. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

काकूंनी सरांशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण शब्द नाही. सर प्लॉटवर येऊन मला सांगायचे, "बी जिवंत आहे, पण झोपलंय. असं असतं काही बियांचं. ओलावा मिळाला की उगवंल." मी म्हटलं, सर, तुम्ही बोललात कशाला? ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या पोराच्या शेतात मी न सांगता दोष पेरू का?" मला चीड आली. खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरं स्थळ वेगळं होतं. तो मुलगा स्वातीने स्वतः निवडलेला. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये इंजिनिअर, मूळचा केदारखेड्याचा, बँकेत कामासाठी यायचा आणि मग काम नसतानाही यायला लागला. स्वातीने मला सांगितलं होतं, हे मोडलं तर मी दुसरं बघणार नाही. तिने ते शांतपणे सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

पाहुणे येणार त्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. "तू त्यांच्या शेजारी बस," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायला लागले की तोंडात काहीतरी घाल."

"काकू, ते लहान आहेत का?"

"लहान असते तर दटावलं नसतं का? मला शब्द दिलाय त्यांनी, बोलणार न्हाई म्हणून. पण मला त्यांचा भरोसा न्हाई."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि पांढरी टोपी घातलेले आजोबा. बसतात न बसतात तोच सर म्हणाले, "आजोबा, जरा ते दार लोटता का?" काकूंनी डोळे वटारले. आजोबा उठले, दार लोटून आले, आणि सरांनी मान तिरकी करून मुलाकडे बघितलं. त्यांना काहीतरी सापडलं होतं. मी चिवड्याची बशी पुढे केली, त्यांनी बकाणा भरला. मुलाचे वडील पावसापाण्याचं बोलले, मी लाडू दिला. मुलाच्या आईने स्वातीला पगाराऐवजी स्वयंपाकाचं विचारलं, स्वातीने वरण-भात चांगला येतो, पोळ्या वाकड्या होतात असं सांगितलं. सर खुलून काही म्हणायला गेले, मी दुसरा लाडू दिला. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मुलाचे वडील सौजन्याने म्हणाले, "आमचं विचारून झालं. तुम्हाला काही विचारायचंय का?"

सरांनी बशी खाली ठेवली. "मला विचारायचं न्हाई," ते म्हणाले. "सांगायचंय."

काकूंनी पदर नीट केला आणि छताकडे बघायला लागल्या. माझ्या हातात तिसरा लाडू होता, पण तो आता उपयोगाचा नव्हता. सरांनी सगळं सांगितलं. आईचं, मामांचं, शेजाऱ्याच्या शेतातल्या निंदणीचं, बडीशेपेचं. आवाज चढवला नाही, रंगवलंही नाही. स्वाती मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत होती.

मुलाच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. "मंग हे तुमच्या मुलीला पण होणार?"

"होणार," सर म्हणाले. "आईचं माझ्यात, माझं तिच्यात. सरळ लाईन आहे."

तेव्हा स्वातीने मान वर केली. "पप्पा, एक विचारू?" ती म्हणाली. "हायब्रीडचं बी घरी धरून पेरलं, तर दुसऱ्या वर्षी काय येतं?"

हा प्रश्न सरांना झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी उत्तर दिलं असतं. "कशाला धरायचं घरी? सगळी मिसळ येती. एक उंच, एक बुटकं, एक आधी फुलतं, एक मागं राहतं. कोणतं कोणावर गेलं ते कोणालाच सांगता येत न्हाई."

"आणि पिशवीतलं एकसारखं का येतं?"

"कारण आई-बाप शुद्ध केलेले असतात."

"मंग आजी-आजोबांना कोणी शुद्ध केलं होतं? प्लॉटवर वेगळं लावून, जाळी टाकून?"

सर तिच्याकडे बघत राहिले.

"आपण पिशवीतलं न्हाई, पप्पा. आपण घरचं बी आहोत. आजीचं तुमच्यात किती आलं ते माहीत न्हाई. तुमचं माझ्यात किती ते तर बिलकुलच न्हाई. डॉक्टर अर्धा तास तेच सांगून राह्यल्या होत्या. आन् तुम्ही माझ्या टॅगवर शंभर टक्के छापून मोकळे झाले." तिने अंगठी फिरवणं थांबवलं. "दोष सांगा, माझं काही म्हणणं न्हाई. पण हे लेबल खोटं आहे."

नोकरीत कुणीही, अगदी नापास झालेल्या ढिगाच्या मालकानेसुद्धा, सरांना हे म्हटलेलं नव्हतं. ते इतके अवाक् झाले की मी सवयीने लाडू पुढे केला आणि त्यांनी तो हातात घेऊन नुसता धरला. "चूक आहे माझी," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "पाहुणे, टॅग दुरुस्त करतो. होऊ शकतं. होईलच असं न्हाई. किती, ते माहीत न्हाई."

आणि एकदम आजोबा हसायला लागले, टोपी मागे सरकवून. "आम्ही धरली होती ना बाजरी घरी," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले. "आठवतं का रे? कणसं बघायला गाव आल्तं. एकाचा एकाला मेळ न्हाई. पण खाल्ली वर्षभर, बरी लागली." मग ते सरांकडे वळले. "आता टॅगच लावायचा म्हणलं, तर आमचा पण लावा. मला शुगर हाय. माझ्या बापाला होती. ह्याला पण लागल, चहात दोन चमचे घेतो."

मुलाचे वडील ओशाळले. "आमच्यात केस लवकर जातात," ते म्हणाले आणि मुलाच्या डोक्याकडे बोट केलं. "हे आहेत तवर बघून घ्या."

"आन् राग," मुलाची आई म्हणाली. नवऱ्याने चमकून बघितलं, पण तिने इतक्या वर्षांत मिळालेली संधी सोडली नाही. "जेवायला उशीर झाला की ताट सरकवतात. आजोबा, हे, हा, तिघंही. एकाच हाताने." मग न्याय म्हणून पुढे म्हणाली, "माझ्या माहेरी गुडघे."

"गुडघे आमच्याकडं पण आहेत," काकू म्हणाल्या. छताकडून त्या आता खाली आल्या होत्या.

सगळे मुलाकडे बघायला लागले. तो घसा साफ करून म्हणाला, "मला लाल आन् हिरवा नीट ओळखू येत न्हाई."

ही बातमी त्याच्या घरच्यांनाही नवी होती. स्वातीने तोंडावर हात धरला. "म्हणून त्या दिवशी माझ्या हिरव्या साडीला लाल छान दिसते म्हणाले होते?" तो लाजून हो म्हणाला. सर खुर्चीच्या टोकाला सरकले, डोळे चमकायला लागले. "मामाला पण आहे का?"

"आहे की," मुलाची आई आश्चर्याने म्हणाली. "माझा भाऊ सिग्नलला कायम पुढच्याचं बघून निघतो."

"बराबर. आईकडून येतं ते," सर म्हणाले, इतक्या आनंदाने की जणू स्थळात हीच एक गोष्ट कमी होती. "आन् आजोबा, चालण्यात पोरगं तुमच्यावर गेलंय. मी मघाशीच बघितलं." आजोबांनी मुलाकडे नव्याने बघितलं आणि त्यांना बरं वाटलं.

लग्न ठरलं. काकूंनी फराळाचीच तयारी केलेली, पण सर उठून दारात उभे राहिले आणि म्हणाले, आता जेवूनच जा. मी आणि काकू आत भाकऱ्या थापायला बसलो. पीठ मळता मळता काकू म्हणाल्या, "असा माणूस आहे बाई हा," आणि त्या दिवसापासून बोलायला लागल्या.

नंतर एकदा मी सरांना विचारलं, ती रक्ताची तपासणी केली का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जन्मभर लोकांना पेरून बघा म्हणलं. आता मी पेरलेलाच आहे की. उभा आहे शेतात. काय यायचं ते येईल, बघू."

हे झालं त्याला काही वर्षं झाली. सर निवृत्त झाले, प्लॉट आता मी बघते आणि उशिरा येणाऱ्यांना बोलते. यंदा दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेले. सर फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेले. माझ्या पुढेच कुरिअरचा माणूस होता. त्याने पाकीट दिलं, सही घेतली, आणि सर म्हणाले, "उन्हाचे आले. जेवून जा."

तो हसून निघून गेला. मी मात्र तिथेच थबकले. तोच सूर, तेच शब्द. मला सरांच्या आई आठवल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि काही ओळख न दाखवता म्हणाले, "उन्हाचे आले. जेवून जा."

विचारायला नको होतं, पण विचारलं. "सर, मी कोण?"

त्यांनी मान तिरकी केली. "ते फाटक लावून घ्या जरा." मी लावलं. "परत उघडा." मी उघडलं. "टायरवाल्यांची पुतणी," ते म्हणाले. "नजर बिलकुल तयार. उशिरा येतात. दिवाळी होऊन गेली, आता उगवल्या."

मी भिंतीचा आधार घेऊन हसले आणि डोळे पुसले. आतून काकूंचा आवाज आला, "येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतेत गं. कालच्याला भाजीवाला जेवून गेला." मी सरांना विचारलं, हे कशासाठी?

"मायचं सगळं गेलं," ते म्हणाले. "माझं नाव गेलं, तिचं स्वतःचं गेलं. तेवढं एक न्हाई गेलं, कारण जन्मभर तेच म्हणली. मंग मी म्हणलं, आपण पण आत्तापासून म्हणून ठेवावं. उद्या ते करंगळीएवढं आकसलं, तर निदान चांगलं काही शिल्लक राहील. आन् न्हाई आकसलं, तर काय बिघडलं? चार माणसं जेवून जातील." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. नावं अजून येतात का, विचारलं तर म्हणाले, काही लगेच येतात, काही बसने येतात.

मी म्हटलं, सर, आज घाई आहे, प्लॉटवर भेंडी फुलावर आहे, पुन्हा येईन. तेवढ्यात आतून स्वातीची मुलगी आली, नुकतीच बोलायला लागलेली, हातात खेळण्यातली वाटी. ती माझ्यासमोर उभी राहिली, मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वाटी पुढे करून म्हणाली, "जेऊन जा."

सरांनी माझ्याकडे विजयाने बघितलं. "हे मात्र शंभर टक्के उतरलं," ते म्हणाले. "ह्याचा टॅग मी डोळे झाकून लावतो."

मग मी जेवूनच गेले.